वारलूची बोलती गेडी

तर काल मी लिहीत लिहीत दोरीपर्यंत आलो होतो आणि तेवढ्यात जेवायला हाक आली. तिथूनच धरतो, कारण सगळं भांडण त्या दोरीचंच.

गेडी म्हणजे दोन उंच बांबू. गुडघ्याच्या वर पाय ठेवायला एकेक लाकडाचा तुकडा, तो अंबाडीच्या दोरीनं आवळलेला. त्यावर उभं राहून श्रावणभर, पोळ्यापर्यंत, आमच्याकडे चिखलातून फिरतात, नाचतात, उड्या मारतात. बाकी सगळे दोरी बांधून झाली की वर लोटाभर पाणी ओतत. दोरी फुगते, गच्च बसते, तुकडा जागचा हलत नाही, मग मारा हव्या तेवढ्या उंच उड्या. वारलू मात्र दोरी कोरडी ठेवायचा. ढिवराच्या घरचा माणूस, दिवसभर तळ्यात कमरेइतक्या पाण्यात जाळं टाकणारा, पण गेडीच्या दोरीला थेंब लागू द्यायचा नाही! कारण कोरडी दोरी बोलते. या पायावरून त्या पायावर भार गेला की करर, कट. करर, कट. भैयाजी ढोलावर थाप टाकायचा आणि वारलूची गेडी तिला उत्तर द्यायची. आमच्या टोल्यावरची, म्हणजे वस्तीवरची, शकुबाई दोन्ही डोळ्यांनी आंधळी, ती ओसरीवर बसूनच सांगायची, "आज वारलूचा डावा पाय दुखून राह्यला वाटते." आणि खरंच दुखत असायचा.

आणि हा उडी मारत नव्हता असं समजू नका. मारायचा. पण तळ्याकाठी बगळा कसा एका पायावर उभा राहतो, तसा एका गेडीवर उभा राहायचा, दुसरी तिच्यावर हळू घासायचा, आपल्याला वाटायचं आता पडला, आणि नेमक्या थापेला वर जायचा. उतरायचाही थापेवरच. कोरडी दोरी थोडी सरकते, म्हणून छातीइतकं उंच जाणं धोक्याचं. दोरी जेवढं जाऊ देईल तेवढाच जायचा. चाळीस वर्षांत तसं कोणी केलेलं मी पाहिलं नाही, आणि तुम्ही तर पाहणारच नाही.

सत्तावन्न साली धानोऱ्याच्या बाजूला मेळावा भरला. त्यात गेडीची स्पर्धा, बाप्या माणसांची. पहिला येईल तो नागपूरच्या मोठ्या मेळ्यात जाणार, एकटाच. वारलू तेव्हा अडतीसचा. गुडघे कुरकुरायला लागले होते. मला म्हणाला, "भाऊ, नागपूरच्या लोकायले एकदा गेडीचा आवाज आयकवतो, मंग बांबू चुलीत गेले तरी चालन." एवढीच त्याची इच्छा.

मी चौथी पास, म्हणून नियमांचा कागद मीच मोठ्यानं वाचला. उडीला पन्नास गुण, नाचाला पन्नास. बरोबर आहे की नाही? मलाही बरोबर वाटलं. परीक्षक होते चांद्याहून आलेले गुणवंतराव. पांढरा स्वच्छ सदरा, हातात शिंप्याचा टेप. त्या टेपाकडे पाहूनच मी ओळखायला हवं होतं.

बुधू आला. शेजारच्या गावचा, बावीसचा गडी, दोऱ्या सकाळपासून भिजवलेल्या. उडी मारली ती गुणवंतरावांच्या खांद्याइतकी! मी खोटं कशाला बोलू, माझ्याही तोंडून शिटी गेली. पण मग? पुन्हा धावला, पुन्हा उडी. पुन्हा धावला, पुन्हा उडी. ढोल बिचारा एकीकडे आणि हा एकीकडे, पोळ्याच्या तोरणाखालून बैल उधळावा तसा. एकदा तर आडवाच पडला, तोंडात चिखल. उठला, चिखल थुंकला, परत उडी.

मग वारलू. काय सांगू तुम्हांला! माणसं ऐकायला पुढं सरकली. करर, कट. पाच उड्या मारल्या, पाचही थापेवर, आणि शेवटची मारून उतरला तेव्हा भैयाजीनं ढोल थांबवला आणि दोरीनं एकटीनंच शेवटचा ठेका दिला. मागं उभी असलेली त्याची बायको सोमारी, कधी नवऱ्याला चांगलं न म्हणणारी, ती म्हणाली, "आज बरा नाचला बापा."

गुण वाचले. बुधू: उडी शेहेचाळीस, नाच चव्वेचाळीस. वारलू: उडी एकतीस, नाच तीस.

नाच तीस! आणि जो नाचलाच नाही त्याला चव्वेचाळीस! मी सरळ टेबलापाशी गेलो. म्हटलं, "साहेब, उडीचे गुण द्या ना, त्याचे आहेत ते. पण बुधू नाचला कधी? ढोल वाजत होता हे तरी त्याला ठाऊक होतं का?"

गुणवंतराव हसले. म्हणाले, "अहो, एवढी उंच उडी मारणारा माणूस नाचतही चांगलाच असणार. उडी टेपानं मोजता येते. नाच कशानं मोजू?"

सोमारी मागून ओरडली, "कानानं मोजा साहेब! का कान चांद्यालेच ठेवून आले?"

लोक हसले. साहेबांचे कान लाल झाले, म्हणजे सोबत आणलेले होते. माणूस वाईट नव्हता, तेही लिहितो. माझा राग त्याच्या टेपावर आहे. साहेबांनी कागद उलटसुलट केला आणि वारलूला जवळ बोलावलं. "हे बघ, तू मेहनती दिसतोस. त्या दोरीवर पाणी ओत, घट्ट कर, आणि पुन्हा उडी मार. आधीपेक्षा नुसता हातभर उंच गेलास तरी मी दोघांचीही नावं लिहितो. तू पण नागपूरला."

मी काय केलं असेल? इतका वेळ भांडणारा मी, लोटा घेऊन धावलोच! नागपूर डोळ्यांसमोर नाचत होतं. खाली बसून दोरीवर लोटा वाकवला तर वारलूनं गेडी अशी बाजूला ओढली की सगळं पाणी माझ्या धोतरावर. मी ओरडलो, "काऊन बे? हातभराची तर गोष्ट आहे! तिथं गेल्यावर वाळव ना दोरी!"

"वाळली तरी एकदा फुगलेली दोरी तशी नाई बोलत, भाऊ," तो मला हळूच म्हणाला. मग बुधूकडे पाहिलं. बुधू खाली मान घालून उभा होता. आपण नाचलोच नव्हतो हे त्यालाही कळलं होतं बहुतेक. गुणवंतरावांनी पेन उघडलं आणि विचारलं, "मग लिहू ना नाव?"

वारलूनं दोन्ही गेड्या खांद्यावर टाकल्या आणि म्हणाला,

"नोका लिहू साहेब. मुक्या गेडीवर उंच जाणाराच पाह्यजे असन तं हा बुधू आहे, चांगला गडी आहे, त्याले पाठवा. माही बोलते. तिच्या तोंडात पाणी ओतून मी नागपूर पाहून का करू?"