तणमोराच्या जागेवर माही उडी

जंगलाची गोष्ट म्हटली का तुमाले वाघ पायजे. मचान पायजे, बंदूक पायजे, अन् निदान एखादी बकरी तरी मेली पायजे. म्हनून पह्यलेच सांगतो, वाघ नाही. ह्या गोष्टीतलं सगळ्यात मोठं जनावर म्हंजे मी, अन् मीही मेलो नाही. मामानं कसर ठेवली नोयती, ते आलग.

माहा मामा नाकेदार होता, जंगलखात्याचा राखनदार. आसेगावच्या बाहेरचं कुरण त्याच्याकडे. त्या कुरणात पावसाळ्यात तणमोर येत. कोंबडीएवढं पाखरू. नराचं डोकं, मान काळीभोर, पंखावर पांढरं. दिवसभर गवतात बसला तर शेजारून बैल गेला तरी दिसत नाही. पन आभाळ भरलं का गवतातून सरळ वर उडी मारते, 'टर्र्र्' करते, अन् तेथीच खाली पडते. मादीनं पाहावं म्हनून हा सगळा खटाटोप. एकेका नराची जागा ठरलेली. दुसऱ्या नराले तेथी थारा नाही. म्हनून मामाची मोजदाद सोपी होती. जेथी उडी दिसली तेथच्या बाभळीले चिंधी बांधायची. जितक्या चिंध्या तितके नर.

पह्यले कुरणात जत्रा भरल्यासारख्या चिंध्या फडफडत. पन उडी मारनारं पाखरू टिपाले कायची अक्कल लागते? शिकारी आले, टिपून गेले. त्या साली एकच चिंधी उरली होती.

अन् त्याच साली कुरण मोडून नांगर घालाचं ठरून राह्यलं होतं. मामानं वर कळवलं, येथी तणमोर हाये, कुरण राहू द्या. वरून हुकूम आला, साहेब येऊन डोळ्यानं पाहातीन. पाखरू दिसलं तर कुरण राहीन. नाही दिसलं तर कुरण जाईन, अन् मामा खोटा ठरन.

मी तवा मंगरुळले शिकून, मॅट्रिकले एकदा आपटून घरी आलतो. शाळेत मी दुसरं काही नाही तरी नकला शिकलो होतो. हेडमास्तरचं खाकरनं, शेलूबाजारच्या बैलबाजारातला दलाल, सगळे माह्या गळ्यात बसलेले. तणमोर तर एका संध्याकाळी जमला.

"बंद कर बे," मामा म्हने. "पाखराची काय नक्कल करतं? ते काही तुह्यासारखं रिकामटेकडं नाही."

साहेब आले त्या दिवशी नेमकं लख्ख ऊन. जीप कुरणाच्या कडेले उभी. साहेब दुर्बीण लावून बसले. मामा आभाळाकडे पाहून राह्यला, मी मामाकडे.

"नाकेदार, कहाँ है तुम्हारा मोर?"

"येईन साहेब. जरा ढग येऊ द्या."

"अच्छा! पहले बादल आएगा, फिर मोर आएगा, फिर मैं घर जाऊँगा?"

मामाच्या मिशीवर घाम आला. मले ते पाहावलं नाही. "मामा, जरा आडोशाले जाऊन येतो," म्हटलं अन् वाकून गवतात शिरलो, थेट चिंधीच्या बाभळीजवळ. काळ्या घोंगडीची खोळ डोक्यावर घेतली, झालं काळं डोकं. पांढऱ्या दुपट्ट्याची दोन टोकं दोन हातात धरली, झाले पंख. अन् मारली उडी. "टर्र्र्!"

"वो देखो!" साहेब वरडले. "दिखा! दिखा!"

मले जोर चढला. दुसरी मारली. तर माह्या पायापासून दोन हातावर गवत हललं, अन् जागेचा खरा मालक माह्या नाकासमोर उडाला. "टर्र्र्!" मी दचकून आनखी उंच उडालो. तो त्याच्याहून उंच. मी खाली का तो वर, तो खाली का मी वर.

तिकून साहेबाचा आवाज आला. "नाकेदार, एक छोटा है, एक बड़ा है. बड़े वाले के पाँव में चप्पल है."

मामा जन्मात खोटं बोलला नोयता. म्हने, "साहेब, लहान तो तणमोर. मोठा माहा भाचा."

"अच्छा? फिर छोटा किसका भाचा है?"

मंग मी जो खाली पडलो तो पुन्हा उडालो नाही. मामा आला, कान धरून मले जीपच्या चाकापाशी उभं केलं. साहेब दुर्बीण पिशवीत भरून राह्यले. डायवर जागेवर जाऊन बसला. मी दोन्ही हातानं तोंड दाबून धरलं. कोनाले शंका नोको.

तेवढ्यात कामरगावकडून एक ढग आला. गवतावर सावली पडली.

"टर्र्र्!"

बाभळीजवळ काळी मान वर आली, पंख पांढरे झळकले, अन् पडलं पाखरू खाली. मंग पुन्हा. मंग पुन्हा. साहेब पिशवीतून दुर्बीण काढता काढता जीपमधून खाली उतरले.

"ये तो सच्चा है!" बराच वेळ पाह्यल्यावर त्याईनं मामाच्या पाठीवर हात ठेवला. "कुरण रहेगा, नाकेदार." मंग माह्याकडे वळून म्हने, "लेकिन आवाज़ इसकी ज्यादा अच्छी है."

जीप गेली. मामानं कान सोडला नाही. घरापर्यंत कान पुढे अन् मी मांगं.

"बह्याडा! ते पाखरू वर्षभर मुकं राह्यते. हे चार दिवस त्याचे लगनाचे. अन् तू घोंगडी घेऊन त्याच्या मांडवात नाचाले गेला? भेऊन पळून गेलं असतं तर? एकच चिंधी राह्यली लेका, एकच!"

"पन मामा, माह्यामुळंच तर ते उडालं..."

"चूप! तुले पोरगी पाहाले नेईन ना, तवा मीही घोंगडी घेऊन येतो. तू चहाची बशी तोंडाले लावली का मी उडतो पोरीच्या बापाम्होरं, टर्र्र् करत. मंग पाहू, पोरगी कोनाले पसंत करते!"