मोठ्यानेबाई

आमच्या सातवीच्या बाईंनी आयुष्यात कधी "शांत बसा" म्हटलं नसेल. भाईंदरच्या आमच्या मराठी शाळेत बाकीचे सर-बाई टेबलावर डस्टर आपटत, ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायचे. आमच्या बाई मात्र कोणी कुजबुजलं की खडू खाली ठेवायच्या, त्याला पुढे बोलवायच्या आणि म्हणायच्या, "आता तेच मोठ्याने सांग. वर्गाला कळू दे." म्हणून त्यांचं नाव पडलं मोठ्यानेबाई. त्यापेक्षा छडी परवडली, देवाशपथ!

कारण कानात सांगताना जी गोष्ट भारी वाटते, ती फळ्यापाशी उभं राहून सांगितली की अगदीच पचपचीत होते. आजही ऑफिसात कोणी कानाशी लागलं की मी आधी मनातल्या मनात ते मोठ्याने म्हणून बघते. निम्म्या गोष्टी तिथेच निकालात निघतात. थाप मारायचीही सोय नव्हती. रोहन एकदा म्हणाला, "गणिताबद्दल बोलत होतो, बाई." बाईंनी लगेच त्याच्या शेजाऱ्याला उभं केलं. तो बिचारा म्हणाला, "शेवपुरीबद्दल."

याच रोहनला एकदा पुढे येऊन सांगावं लागलं, "बाईंनी केस काळे केलेत." बाई म्हणाल्या, "केलेत. घरीच केलेत. कसे दिसतायत तेही सांग."

"चांगले," रोहन पुटपुटला.

"मोठ्याने!"

बाई मूळच्या भाईंदरजवळच्या मुर्धा गावच्या. एरवी पुस्तकासारखं बोलायच्या, पण चिडल्या की गावची बोली निसटायची, "ऐकू येत न्हाय!" त्यावर आम्ही हसायचो आणि मग त्याही हसायच्या. बाईंचा राग असा नेहमी फुकट जायचा.

जानेवारीत एकदा मुख्याध्यापक दारात आले आणि बाईंशी हळू आवाजात काहीतरी बोलून गेले. आम्ही सोडतोय होय! अख्खा वर्ग ओरडला, "बाई, मोठ्याने!" बाई फळ्यापाशी सरळ उभ्या राहून म्हणाल्या, "पट घसरलाय. जूनमध्ये आणखी एक जरी मूल कमी झालं, तर आपली तुकडी बंद. तुम्हाला शेजारच्या तुकडीत बसवतील. मला अतिरिक्त ठरवून दुसऱ्या शाळेत पाठवतील, कुठे ते माहीत नाही. झालं समाधान? वह्या उघडा."

मी वहीत डोकं खुपसलं. कारण ते एक मूल मीच होते. बाबांनी मीरा रोडच्या इंग्रजी शाळेत माझा प्रवेश पक्का केला होता, मला न विचारताच. मी दोन महिने तोंडाला कुलूप लावलं. मी, जिला बाई 'रेडिओ' म्हणायच्या! शेवटी मार्चमध्ये राहवेना, म्हणून मैत्रिणीच्या, सानिकाच्या, कानात सांगितलंच. बाईंनी खडू खाली ठेवला.

"ये पुढे. मोठ्याने सांग."

थाप चालली असती. सानिका माझी जिवलग, तिने सावरून घेतलं असतं. पण बाईंच्या तोंडावर खोटं बोलणं काही मला जमेना. मी रडत रडतच सांगितलं, "मी शाळा सोडतेय, बाई. इंग्लिश मिडियमला जातेय."

"मला वाईट वाटलं," बाई म्हणाल्या, आणि तेही मोठ्यानेच म्हणाल्या. "खूप वाईट वाटलं. पण सांगितलंस ते बरं केलंस. डोळे पूस आणि जागेवर बस."

मे महिन्यात शाळा सोडल्याचा दाखला आणायला गेले, तर क्लार्क रजेवर. दाखले लिहायला बाईच बसल्या होत्या. दाखल्यावर वर्तणुकीचा एक रकाना असतो. तिथे सगळ्यांना डोळे झाकून 'चांगली' लिहितात. बाईंचं पेन तिथे थांबलं. "तुझी कसली गं चांगली?" त्या म्हणाल्या. "दिवसभर नुसती बडबड!" आणि त्या रकान्यात त्यांनी 'उत्तम' लिहिलं.

जूनमध्ये त्या एका कागदापायी त्यांची तुकडी बंद झाली. तो लिहिताना बाईंना हे पक्कं ठाऊक होतं. पण दाखल्यावर एका अक्षराचीही खाडाखोड नाही.