मामांचं तिरपं लाकूड

सरळ उभ्या असलेल्या कुठल्याही वस्तूवर आमच्या मामेसासऱ्यांचा विश्वास नव्हता. शिडी, सायकल, दारात उभा राहिलेला पाहुणा, सगळ्यांकडे ते एक डोळा बारीक करून बघत आणि कोण किती कललं आहे याचा अंदाज घेत. पिंपळनेरच्या बाजूला त्यांनी आयुष्यभर लाकडी घरांचे सांगाडे उभे केले होते. मी दोंडाईच्याला शाळामास्तर, भाड्याच्या एका खोलीत राहणारा. बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली, मुलगी झाली, आणि आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, सण करून ती परत येईल ती मुलीसह थेट स्वतःच्या घरात, असं मी सासरी छाती पुढे काढून कबूल करून बसलो. गावाबाहेर छोटासा प्लॉट घेतलेला होताच. हे ऐकून सासूबाईंनी आपला थोरला भाऊ माझ्या मदतीला पाठवला. ही मदत मी जन्मात विसरणार नाही.

जावयाला पाटावरून उठू देत नाहीत, अशी आपली रीत. मामांनी ती तंतोतंत पाळली, फक्त पाटाच्या जागी खांब दिला. शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी मी त्यांच्या ताब्यात. "जवाईबापू, जरासा धरा. हालू नका," असं मोठ्या आदरानं म्हणून ते ओळंबा सोडायला जात आणि चैत्राच्या उन्हात मी सागाच्या खांबाला मिठी मारून उभा राही. ओळंब्याची दोरी स्थिर झाली की त्यांना विडी आठवे. विडी संपेपर्यंत वारा सुटलेला असे. मग पुन्हा पहिल्यापासून. खिळ्यांचा त्यांना भारी तिटकारा, म्हणून गिरमिटानं भोकं पाडायची आणि त्यांत बाभळीच्या खुंट्या ठोकायच्या. एका रविवारी दिवसभर बसून मी तासलेल्या खुंट्यांपैकी तीन त्यांना पसंत पडल्या. बाकीच्यांवर त्यांनी चहा केला.

पण त्यांचं खरं वेड तिरप्या लाकडाचं. दोन खांबांवर तुळई बसली की कोपऱ्यात तिरपं लाकूड आलंच, एकाही कोपऱ्याची सुटका नव्हती. "खांब एकला उभा ऱ्हास नही, त्याले तिरपं लाकूड लागस," हे मी दिवसातून इतक्यांदा ऐकलं, की वर्गात फळ्यावर त्रिकोण काढतानाही माझ्या कपाळाची शीर उडायची. जोडणी झाली की ते स्वतः तुळईला लटकून झोके घेत. वय सत्तरीला आलेलं! एकदा आमचे हेडमास्तर बांधकाम बघायला आले. अंगानं चांगले भरदार. मामांनी नमस्कार केला, त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "साहेब, जरा लटका." साहेब लटकले. एका हातानं धोतर सावरत लटकले. त्यानंतर महिनाभर त्यांच्यासमोर रजेचा अर्ज न्यायची माझी हिंमत झाली नाही.

आखाजीला आठ दिवस उरले, तरी सांगाड्यावर पत्रे नव्हते. त्यात बायकोचं पत्र आलं. पूर्वेच्या कोपऱ्यात खिडकी हवी, पाळण्यावर सकाळचं कोवळं ऊन यायला हवं. नेमकं तिथं मामांचं तिरपं लाकूड आडवं येत होतं. मी विनवलं, चिडलो, शेवटी अबोला धरला. "खिडकीनं मंग दखू," एवढंच बोलून त्यांनी खिडकीचा विषय पुढे ढकलला आणि ते दोन दिवसांसाठी पिंपळनेरला गेले. एसटी नजरेआड होताच मी खुंट्या उपसल्या आणि ते लाकूड काढून टाकलं. मग उत्साहाच्या भरात समोरच्या कोपऱ्यातलंही. इतकं मोकळं वाटलं म्हणून सांगू! दुसऱ्या दिवशी दुपारी वादळ आलं. सगळा सांगाडा करकरला आणि चांगला वीतभर कलून तसाच थांबला. मी खाली हात जोडून उभा.

मामा आले. शिव्या खायची मी मनाची तयारी केली होती.

"कोनी काढं?"

"मी," म्हणालो आणि पत्र पुढे केलं. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून मीच वाचून दाखवलं. पाळण्याची ओळ त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावली. मग दोर मागवले. भिंतींसाठी ठरवलेला गवंडी आणि मी दोर ओढत होतो, ते ओळंब्याशी बसून "आजून... आजून... बस" म्हणत होते. सांगाडा सरळ झाला, पण निसटलेले सांधे नव्यानं करावे लागले. पूर्वेच्या कोपऱ्यात त्यांनी एका लांब लाकडाऐवजी वर आणि खाली अशी दोन आखूड तिरपी लाकडं बसवली आणि मधली खिडकीची जागा मोकळी ठेवली. यात पंधरा दिवस गेले. आखाजी होऊन गेली आणि जावयाचा शब्द खाली पडला.

मुलीला घेऊन बायको आणि सासूबाई आल्या, तेव्हा मी सबब शोधत होतो. सासूबाईंनीच सुरुवात केली, "माले भाऊनी बठ्ठं सांगं, जवाईबापू. त्यानंच माप चुकनं, म्हनीसन उशीर व्हयना. आते हात थकना त्याना."

मामा उंबऱ्याशी बसून बशीतून चहा पीत होते. त्यांनी मान वर केली नाही. माप चुकलं नव्हतं, लाकूड मी काढलं होतं, हे सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात ते म्हणाले, "जवाईबापू, चहा थंडा व्हई ऱ्हायना."

आणि मी चहा प्यायलो.

मामांचं माप चुकल्याची गोष्ट पिंपळनेरला पोचायला वेळ लागला नाही. त्यानंतर त्यांना कुणी घर उभं करायला बोलावलं नाही. आम्ही गेलो की ते ओट्यावर बसलेले दिसत. पाळण्यावर ऊन येतं का, एवढं विचारत आणि येतं म्हटलं की खूश होत. आता ते नाहीत. बायको अजूनही आल्यागेल्याला सांगते, की मामांनी उभं केलेलं शेवटचं घर हे आमचं, तेव्हाच त्यांच्या हातातलं कसब गेलं होतं. पाहुणे माझ्याकडे बघतात. मी मास्तर माणूस, खरं बोला म्हणून पोरांना छड्या मारलेला. मला त्या क्षणी फार लाज वाटते. आणि मी म्हणतो, हो ना, वय झालं होतं त्यांचं.