उजवी कूस

डॉक्टरांनी खिशातली किल्ली काढली आणि माझ्या पत्नीच्या उजव्या तळव्यावरून टाचेकडून बोटांकडे एक रेघ ओढली. पायाचा अंगठा सावकाश वर उचलला गेला. निरोगी पायाचा तो खाली वळतो. ते म्हणाले, "आबा, हेमिप्लेजिया आहे."

हेमिप्लेजिया म्हणजे आपण ज्याला अर्धांगवायू म्हणतो तो. मेंदूच्या डाव्या भागात रक्ताची गुठळी अडकली, म्हणून शरीराची उजवी बाजू गेली. वाचाही त्याच भागात असते, तीही गेली. वाचा अशी जाण्याला त्यांनी अफेझिया असे नाव सांगितले. रुग्णाला समजते, पण शब्द सापडत नाही. बेचाळीस वर्षांच्या संसारात जिने मला कधी उलट उत्तर दिले नव्हते, तिला आता साधे उत्तरही देता येणार नव्हते.

देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षे झाली होती. एरंडोलहून एस.टी.ने तिला धुळ्याच्या एका इस्पितळात आणले, तेव्हा मी बासष्ट वर्षांचा होतो. आयुष्य संस्कृत पाठशाळेत मुलांना शिकवण्यात गेले होते. सोबत वळकटी, तांब्या आणि आमचा बाळकृष्ण. स्त्रियांच्या वॉर्डातली टोकाची खाट मिळाली. तिच्या उजव्या हाताला खिडकी होती. खिडकीच्या कट्ट्यावर मी देव मांडला.

पहिला आठवडा नुसता वाट पाहण्यात गेला. सकाळी डॉक्टर येत, हातोडीने गुडघा ठोकत, डोळ्यांत बत्ती टाकत आणि "पाहू" एवढेच म्हणत. बाकावर बसून माझी कंबर धरली. थकव्याचेही एक नित्यकर्म होऊन जाते, हे मला तेथे कळले.

आता माझी चूक सांगतो. ज्यांच्या घरी असा रुग्ण असेल त्यांच्यासाठीच हे लिहीत आहे.

पहाटे स्नान करून मी मुकटा, म्हणजे सोवळ्याचे रेशमी वस्त्र, नेसत असे, आणि नैवेद्य होईपर्यंत सोवळ्यात असे. पाठ, पूजा, जप मिळून चार तास. सोवळ्यात बसण्यापूर्वी मी तिला उजव्या कुशीवर वळवून ठेवी, म्हणजे तिला देवाचे दर्शन होत राहील. आणि परिचारिकांना सांगून ठेवले होते की त्या चार तासांत खाटेजवळ येऊ नये, शिवाशिव होईल. म्हाताऱ्याचे मन मोडू नये म्हणून त्या बिचाऱ्या दूर राहत.

पूजा चालू असताना ती डावा हात माझ्याकडे उचलीत असे. माझ्या मुकट्याच्या जवळ आला की हात थबके आणि परत छातीवर जाई. मला वाटे, ती देवाला नमस्कार करते आहे, आणि अशा अवस्थेतही माझे सोवळे सांभाळते आहे. मला तिचा अभिमान वाटे.

दिवसपाळीची नर्स सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातली होती. तिची जात मी पहिल्याच दिवशी विचारून घेतली होती. ती विचारल्याची आज लाज वाटते. दहाव्या दिवशी दुपारी चादर बदलताना ती थांबली. "आबा, इकडे या."

उजव्या खुब्यावर तळहाताएवढी कातडी काळीनिळी झाली होती आणि मध्ये फुटली होती.

"सकाळले मायनी कूस कोन बदलस?" तिने तिच्या अहिराणीत विचारले.

"सकाळी मी सोवळ्यात असतो."

"आनि आम्हले तुम्ही येऊ देतस नही. मंग माय तशीच पडेल ऱ्हास."

मी म्हणालो, ती देवासमोर असते.

तिने चादरीची घडी घातली. "देवले कूस बदलानी गरज नही, आबा. मायले शे. ती हात वर करस ना, तो नमस्कार नही शे. ती तुम्हले बलावस."

 

संध्याकाळी डॉक्टरांनी जखम पाहिली. बेडसोअर, म्हणजे एकाच अंगावर पडून राहिल्याने रक्त न पोहोचून मांस मरते ती जखम. "आबा, अर्धांगातून माणूस वाचतो आणि या जखमेने जातो. हाडापर्यंत पोहोचली तर माझ्या हातात काही राहणार नाही. दर दोन तासांनी कूस बदला, आणि उजव्या अंगावर मुळीच नको."

दुसऱ्या सकाळी मी तिला डाव्या कुशीवर ठेवून पूजेला बसलो. देवाकडे तिची पाठ झाली. दोन पाठ झाले असतील. मागून हालचाल जाणवली म्हणून वळून पाहिले. अंगाखालून पाठीमागे रेटलेला तिचा डावा हात माझ्या मुकट्यापर्यंत येऊन थबकला होता. तो परत जाण्याआधी मी घंटा खाली ठेवली आणि तो हात धरला.

अंथरूण भिजलेले होते. नर्स आली. तिने शिकवले तसे मी केले. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली. ओढायचे नाही, ओढल्याने कातडी सोलते. उचलून वळवायचे. गुडघ्यांमध्ये उशी, तळव्यांना फळीचा टेकू, पाठीला स्पिरिट आणि पावडर. चमचा द्यायचा तो बसवून, डाव्या गालात. आडवे असताना पाणीसुद्धा नाही, तीर्थही नाही.

नंतर मी हात धुतले आणि राहिलेली पूजा पुरी केली. पुन्हा स्नान केले नाही. बाळकृष्णाने काही तक्रार केल्याचे मला जाणवले नाही.

माझ्याजवळ घड्याळ नव्हते. माझा एक पाठ सुमारे अर्ध्या तासाचा, म्हणून चार पाठ झाले की कूस असा नेम केला. वॉर्डातल्या इतर बायकांचे नातलगही माझा चौथा पाठ संपला की आपापल्या रुग्णाची कूस बदलायला उठू लागले. नर्स म्हणाली, "आबा, तुम्हले आते आठे दवाखानामाच नोकरी लागी जाई."

जखम भरायला अडीच महिने लागले. वाचा परत आली नाही, उजवा हातही नाही. घरी परतताना मी नर्सला वाकून नमस्कार करू लागलो, तेव्हा तिने माझे खांदे धरून मला थांबवले. सकाळची पूजा आटोपून मी अजून मुकट्यातच होतो.

आज एरंडोलला तिची खाट देवघराच्या दारातच आहे. जपात माझे लक्ष नसते असे नाही, पण कान मागे असतो. तिचा हात आता थबकत नाही. ती माझ्या मुकट्याचा काठ मुठीत धरते आणि ओढते. तेथले रेशीम विरले आहे. दुसरा मुकटा पेटीत आहे, पण मी हाच नेसतो.