तीसपैकी सत्तावीस

बत्तीस वर्षांच्या नोकरीत बाईंच्या वर्गातलं एकही पोर नापास झालं नव्हतं, आणि हे त्या कुणी न विचारता सांगत. दगडालाही पाढे म्हणायला लावीन, असा त्यांचा खाक्या. नवरा शिंपी, त्याला सगळी गल्ली 'मास्तर' म्हणे. शिकवते ती बाई आणि कापड कापतो तो मास्तर, हा विनोद आल्यागेल्या प्रत्येकाने करून झाला होता.

एक दिवस मास्तरांनी एकाच शर्टाला दोन्ही बाह्या उजव्या लावल्या. गिऱ्हाईक हसलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी एकाच माणसाचं माप तीनदा घेतलं, तेव्हा कुणी हसलं नाही.

दवाखान्यातली नर्स घरी येऊन चाचणी घेऊन गेली. आज वार कोणता, शंभरातून सात-सात वजा करा, हे पाच शब्द लक्षात ठेवा, घड्याळ काढून दाखवा. मास्तरांना तीसपैकी एकवीस मिळाले. "मोठ्या डॉक्टरांकडे हीच चाचणी परत होईल, तीच धरतात," नर्स म्हणाली आणि गेली. कमी गुण पडले तर पुढे काय मिळतं, हे तिने सांगितलं नाही, बाईंनीही विचारलं नाही. बाईंच्या डोक्यात एवढंच शिरलं की परीक्षा आहे आणि प्रश्नपत्रिका फुटली आहे.

मग काय विचारता! सकाळी तोंड धुण्याआधी वार, तारीख, महिना. दुपारी मशीन बंद करून वजाबाकी. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. मास्तर हे आकडे कवितेसारखे म्हणू लागले. पाच शब्द तर जिना चढतानासुद्धा. मास्तर रडकुंडीला आले.

"अगं, मला बरं नाही म्हणून चाललोय ना आपण? मग हे पाठांतर कशाला?"

"चारचौघांत माझी शोभा करू नका. म्हणा पुढे."

त्या सगळ्या प्रकरणात शहाणपणाचं वाक्य ते एकटेच बोलले होते, पण आजारी माणसाचं ऐकतो कोण!

मोठ्या डॉक्टरांपुढे सत्तावीस पडले. "वयाच्या मानाने उत्तम! पुढच्या वर्षी परत दाखवा," असं म्हणून त्यांनी बोळवण केली. लेकीला फोनवर सांगताना बाईंना आनंद पोटात मावेना.

पुढच्या वर्षीची तारीख मिळाली ती चौदा महिन्यांनी. तोवर मास्तर कात्री उलटी धरू लागले होते. या वेळी बाईंनी काही शिकवलं नाही, शिकणारा उरलाच नव्हता. चौदा गुण पडले. डॉक्टरांनी मास्तरांना बाहेर बसवलं आणि जुना कागद शेजारी ठेवला.

"आजार लांबवणारं औषध आहे, सरकार फुकट देतं. पण वीस ते पंचवीस गुणवाल्यांनाच. त्याच्या वर असेल तर माणूस निरोगी, खाली असेल तर उशीर झालेला. आता विकत आणलंत तरी उपयोग नाही. इतक्या झपाट्याने कसे उतरले हे?"

"उतरले नाहीत," बाई म्हणाल्या. "ते सत्तावीस माझे होते, डॉक्टर. यांचे एकवीसच. तुमच्या नर्सच्या कागदावर असतील."

"नर्सची चाचणी धरत नाहीत."

"मग घेता कशाला? आणि हा नियम भिंतीवर का लावला नाहीत? हात कसे धुवायचे त्याचं एवढं मोठं चित्र लावलंय!"

"उशीर झाला, बाई. मी काय करू?"

चौदा महिन्यांनी तारीख देणाऱ्यांनीच उशीर झाला म्हणायचं, म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा. हे बाईंच्या ओठांवर आलं होतं. पण चोरीत आपला हात किती, हेही त्यांना कळत होतं, म्हणून त्या उठल्या.

बाहेर बाकावर मास्तर पाय जुळवून बसले होते. त्यांनी मान वर करून विचारलं, "पास?"

बाईंना काय झालं कोण जाणे. डॉक्टरांवरचा, सरकारवरचा, स्वतःवरचा सगळा संताप त्या एका शब्दावर निघाला.

"नापास!" त्या ओरडल्या. व्हरांड्यातली माणसं वळून बघू लागली.

मास्तर झटकन उभे राहिले. दोन्ही हात त्यांनी पाठीमागे लपवले.

"मारू नका, बाई," ते म्हणाले. "उद्या पाठ करून येतो."