दोन पंजे आणि अधांतरी चाकं

“इंग्लिश शाळंत शिकलीया म्हनं. पर मराठीत तरी कुटं बोलतीया?”

मिस्त्री हे आपल्या वेल्डरच्या कानात म्हणाला. पण दिवसभर ग्राइंडरच्या आवाजावर बोलायची सवय असलेल्या माणसाचं कुजबुजणं पौडच्या एस. टी. स्टँडपर्यंत ऐकू जातं, आणि मी तर त्याच्यापासून चार हातांवर ऑइलच्या रिकाम्या डब्यावर बसले होते. मांडीवरचं कॅटलॉग मी थोडं वर उचललं. न ऐकल्यासारखं करणं मला चांगलं जमायचं. माझ्या सगळ्या शिक्षणात या एका विषयाचा मला न चुकता उपयोग झाला आहे.

माझे वडील, अण्णा, शेडच्या दुसऱ्या टोकाला दोन लोखंडी पंजांच्या मधे उभे होते. त्यातला एक घ्यायचा होता. कुठला, ते आज ठरणार होतं.

अण्णांनी पुण्यात कारखान्यात नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर आम्ही पौडच्या पुढे आमच्या गावी राहायला आलो. येताना त्यांनी एक बुटका ट्रॅक्टर घेतला. आमची भातखाचरं इतकी अरुंद की मोठा ट्रॅक्टर आत गेला तर वळायला शेजाऱ्याच्या बांधावर जावं लागेल, म्हणून हा. गावाकडे शेती बघणारी माझी आत्या त्याला शिंगरू म्हणायची. हा मोठा होऊन पुढे पुरता ट्रॅक्टर होईल, असा तिचा बरेच दिवस समज होता की काय, मला कधी विचारायचा धीर झाला नाही.

पंजाची गरज पडली ती राबामुळे. भाताचं रोप जिथे टाकायचं ती जागा, म्हणजे राब, आमच्याकडे उन्हाळ्यात आधी भाजून घेतात. त्यासाठी ऐन-किंजळीच्या फांद्या थंडीत तोडून, भारे बांधून वाळवतात. त्याला कवळ म्हणतात. कवळ डोंगराच्या अंगाला, राब खाली ओढ्याकाठी. मधलं सगळं अंतर इतकी वर्षं आत्याच्या डोक्यावरून गेलं होतं. त्या वर्षी तिची मान धरली. ती कुणाशीही बोलायची तर अख्खीच्या अख्खी वळून बोलायची, आणि त्यामुळे तिचं साधं बोलणंही फार गंभीर वाटायचं.

कॅटलॉग अण्णांना त्यांच्या जुन्या सोबत्याने दिलं होतं. त्याच्या जावयाने ते परदेशातून आणलेलं. त्यात छोट्या ट्रॅक्टरला मागच्या बाजूला जोडायच्या पंजांचं एक अख्खं पान होतं. वरून दोन वाकडे दात, खालून चार, आणि मधे फांद्यांचा भारा. ट्रॅक्टरवर इस्त्रीचा शर्ट घातलेला एक गोरा माणूस हसत बसला होता. आत्याने ते चित्र हातभर लांब धरून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “आनि ह्याची बायकू कुटं हाय?”

बायको नसताना कवळ वाहून नेता येतो, हे तिला पटायला दोन दिवस लागले. पटल्यावर मात्र पंजा पाहिजेच झाला.

ते पान वाचून सांगायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी इंग्रजी शाळेत शिकले होते आणि आता कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन घरी बसले होते. शाळेत आम्हाला फुलांवरच्या कविता होत्या, ढगांवरच्या होत्या. हायड्रॉलिक लिफ्टवर एकही नव्हती. तरी डिक्शनरी घेऊन मी ते पान लावलं. मजकूर खरं तर साधा होता. ट्रॅक्टरची लिफ्ट जेवढं वजन उचलते त्यातून आधी पंजाचं स्वतःचं वजन वजा करा. उरेल तेवढाच तुमचा माल. फांद्या, पाला, गवत असल्या सामानाला हलका पंजा पुरतो. जड पंजा दगडांसाठी आणि ओंडक्यांसाठी, आणि तो मोठ्या ट्रॅक्टरलाच लावा. नाहीतर पुढची चाकं जमीन सोडतील आणि स्टिअरिंग लागणार नाही.

मी हे सगळं मराठीत एका कागदावर लिहून अण्णांना दिलं. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं.

“अक्षर सुंदर आहे,” ते म्हणाले, आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

चित्र बघून मिस्त्रीने दोन पंजे बनवले होते. एक आमच्या मापाने, पातळ पट्ट्यांचा. दुसरा एका खडीच्या खाणवाल्याने सांगितलेला; तो खाणवाला नंतर फिरकलाच नाही. मिस्त्रीला तो दुसरा खपवायचा होता, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी चार हातांवर गप्प बसले होते. अशा जागेवरून पुष्कळ दिसतं.

आत्या मात्र घरून येतानाच कवळाचे दोन भारे शिंगराच्या मागे बांधून आली होती. “मडकं घ्याया जाताना पानी संगं न्यावं,” असं तिचं म्हणणं. आता ती दोन्ही पंजांभोवती फिरली. मग तिने वाटेवरचा एक गोटा उचलला आणि हलक्या पंजावर हाणला. टण्ण झालं.

“ताटलीवानी वाजतुया.”

जडावर हाणला. आवाज जवळजवळ आलाच नाही.

“ह्यो हाय बग. ह्येच्यात जीव हाय.”

“आक्का, पारख हाय तुमची,” मिस्त्री म्हणाला. “चार गड्यांनी उचलून हितं ठेवलाय. चौघं बी दुसऱ्या दिशी कामाला आली न्हाईत.”

अण्णांनी मान डोलावली. माझे अण्णा, ज्यांनी मशीनवर सुतासुताचं माप घेत उभा जन्म काढला, ते पंजाखाली हात घालून तो हलतो का बघत होते, आणि हलत नाही म्हणून खूश होत होते! आमच्या घरात पातेलं, विळी, कुलूप, सगळं असंच घेतलं गेलं आहे. जे उचलायला जड ते टिकायला चांगलं. उचलायचं काम ज्याने करायचं त्याला कधी कुणी विचारलेलं नाही. आणि या वेळी ते शिंगराने करायचं होतं.

मी उठून सांगायला हवं होतं. वाक्य तयार होतं, तोंडात होतं. पण मी बोलले की इथे लोकांच्या चेहऱ्यावर एक हसू यायचं. वाईट नसायचं ते; पाहुण्यांच्या लहान मुलीने पाठ केलेलं गाणं म्हटलं की येतं तसं. मला ते हसू नको असायचं. शिवाय अण्णांचा मुद्दा होता. गावात त्यांना काही जण अजून ‘पुनेकर’ म्हणत. चारचौघांत त्यांच्या मुलीने त्यांना चुकीचं ठरवावं, हे मला बरं वाटेना. मी कॅटलॉगचं पान उगाच उलटलं. मागे लॉन कापायची यंत्रं होती.

“लावून बघू,” अण्णा म्हणाले.

जड पंजा ट्रॅक्टरच्या मागे चढवायला मिस्त्री, वेल्डर, अण्णा आणि स्टँडवरून बोलावलेले तिघे लागले. त्या तिघांच्या मागून बाकीचे आपणहून आले. आमच्या पुढच्या गावांकडे जाणारी गाडी यायला उशीर होता, आणि समोर असं काही चाललेलं असताना स्टँडच्या बाकावर बसून राहील असा माणूस त्या अख्ख्या तालुक्यात नसेल.

अण्णांनी शर्टाच्या बाह्या नीट केल्या आणि ट्रॅक्टरवर चढले. आत्याने भारा मागे टाकला. वरचे दात खाली येऊन मिटले. भारा धरला गेला. लोकांनी “आरं वा” केलं. मग अण्णांनी लिफ्टची दांडी ओढली.

भारा वर आला. त्याच वेळी पुढची दोन्ही चाकंही वर आली.

एकदम नाही, अगदी सावकाश, शाळेत हात वर करावा की नको असा विचार करणाऱ्या मुलासारखी. वीतभर वर येऊन ती थांबली आणि अधांतरीच राहिली.

“शिंगरू उभं ऱ्हायलं की!” कुणीतरी ओरडलं.

अण्णांची नजर मागे भाऱ्यावर होती; त्यांनी गिअर टाकला आणि ट्रॅक्टर पुढे निघाला. अण्णांनी स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. हवेतली चाकं आज्ञाधारकपणे डावीकडे वळली आणि ट्रॅक्टर सरळ गेला. अण्णांनी ते आणखी फिरवलं. चाकं आणखी वळली. ट्रॅक्टर सरळच. समोर चहाचं खोपट होतं. चहावाल्याने आधी दुधाचं पातेलं उचललं, मग गल्ल्याचा डबा, आणि मग विचार करून स्वतः बाजूला झाला. खोपटाच्या हातभर अलीकडे ट्रॅक्टर थांबला.

लोक मनमुराद हसले. आत्या अख्खी वळून हसली. मीही हसले असते, पण मी अण्णांचे हात बघत होते. ते अजून स्टिअरिंगवर घट्ट होते आणि बोटांची पेरं पांढरी पडली होती. इथे सपाट मैदान होतं आणि पुढे चहाचं खोपट होतं. आमच्या राबाची वाट ओढ्याच्या कडेने उतरते, मधे एक काटकोनी वळण आहे, आणि वळणाच्या पुढे काही नाही. एकदम खाली ओढाच.

आता तरी ते हलका पंजा घेतील, असं मला वाटलं. पण तेवढ्यात गाडी आली. तिचा ड्रायव्हर गाडी तशीच घरघरत ठेवून खाली उतरला आणि गर्दीतून वाट काढत पुढे आला. गाड्यांच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा, हे त्याला आणि सगळ्यांना मान्य होतं. त्याने ट्रॅक्टरला एक फेरी घातली.

“पुढं वजन न्हाई,” तो म्हणाला.

“तेच म्हनतुया मी!” मिस्त्री म्हणाला. तोवर तो काहीच म्हणत नव्हता. “पंज्यात खोट न्हाई. पुढं मानसं बसवा. दोन बसली की काम झालं. हितं मानसांचा काय दुष्काळ हाय का?”

सगळ्यांना हे एकदम पटलं. हलका पंजा कोपऱ्यात पडला होता, त्याच्यावर एका पाहणाऱ्याने आपली पिशवी ठेवली होती. त्याच्याकडे कुणी बघेना. अख्खा जमाव आता पुढे कोण बसणार या प्रश्नाला लागला. अण्णा खाली उतरले होते, आणि बघता बघता त्यांचाही चेहरा खुलला. त्यांना चूक कबूल करायची नव्हती आणि इतक्या लोकांनी मिळून ती दुरुस्त करून दिली होती.

“एक मी बसन,” आत्या म्हणाली.

“आक्का, तुमची मान?” मिस्त्रीने विचारलं.

“मानंवर थोडीच बसनार हाय!”

“आनि दुसरं?”

आत्या सावकाश वळली. मान धरलेली असल्यामुळे ती वळू लागली की कुणाकडे वळते आहे ते आधी कळायचंच नाही. ती माझ्यापाशी येऊन थांबली.

“ही हाय की. सुट्टीत रिकामीच हाय.”

चाळीसेक माणसांनी माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं नाही. भाजीवाला हातात वांगं घेऊन बघतो तसं बघितलं.

“काडी हाय निस्ती,” ड्रायव्हर शंकेने म्हणाला.

“दिसती तशी. हाडानं जड असत्यात काय काय,” चहावाला म्हणाला. तो पातेल्यासकट परत आला होता.

“ए बाय,” मिस्त्रीने हाक मारली, आणि या वेळी कुजबुजायची तसदीही घेतली नाही, “वजन किती तुजं?”

माझं वजन मी माझ्या सख्ख्या मैत्रिणीलाही सांगितलेलं नव्हतं. कॉलेजात तपासणी झाली तेव्हा तो आकडा मी हाताने झाकला होता. अण्णा मिस्त्रीकडे वळले. “बरं मग, हाच—” असं त्यांनी सुरूही केलं होतं. मला त्यांच्या बोटांची पेरं दिसत होती, अजून पुरता रंग परत न आलेली.

मी डब्यावरून उठले. माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा पुष्कळ मोठा निघाला.

“एक्केचाळीस किलो,” मी म्हणाले. “आणि अण्णा, मी पुढे बसणार नाही, आत्याही बसणार नाही, आणि तुम्ही हे धूड घेऊन ओढ्याच्या वळणावर गेलात तर चाकं कितीही फिरवा, ट्रॅक्टर सरळ खाली जाईल. त्या हलक्यावरची पिशवी काढा कुणीतरी, आपण तो नेणार आहोत.”