रिकामी पेटी बघणाऱ्या तोकुएबाई

तोकुएबाईंना मिनेगिशी पन्नास वर्षं ओळखत होते, आणि तरी त्यांच्याविषयी कुणी विचारलं तर चार गोष्टींपलीकडे सांगण्यासारखं त्यांच्यापाशी काही नाही. बाईंचं टोफूचं दुकान होतं. नवरा लवकर गेला. माहेर डोंगरापलीकडे कुठेतरी होतं. आणि संसदेच्या प्रत्येक निवडणुकीला, सकाळी सातला मतदान सुरू होण्याआधी, शाळेच्या दारातल्या रांगेत त्या पहिल्या असत. मत कुणाला देत हे मात्र मिनेगिशींना कधीच कळलं नाही.

पहिलं येण्याला कारण होतं. मतपेटीला कुलूप लावण्याआधी ती रिकामी असल्याचं पहिल्या मतदाराला दाखवतात. इतर कुणीही एक नजर टाकून मान हलवेल. तोकुएबाई पेटीत डोकं घालत. मिनेगिशी नगरपालिकेत कारकून होते आणि त्या केंद्राचं काम तीस वर्षं त्यांच्या गळ्यात होतं. मागे रांग खोळंबलेली, सात वाजून तीन मिनिटं झालेली, आणि बाई अजून पेटीत.

"तोकुएबाई, झालं का?"

"कोपरा राहिलाय."

"रिकामीच आहे हो! मी स्वतः पुसलीय."

"तुम्ही पुसलीय म्हणूनच बघतेय."

रांगेतले लोक हसत. मिनेगिशींचे कान लाल होत.

दुकानातल्या कपाटाच्या दाराला आतून बाईंनी प्रत्येक निकाल पेन्सिलीने लिहून ठेवला होता. आधी मतदारसंघाला पाच जागा होत्या; वाकुई घराण्यातले थोरले दरवेळी पहिल्या नंबरावर. मग तो मोडून एकेका जागेचे मतदारसंघ झाले, आणि थोरल्यांचा मुलगा आला. मग हद्द सरकली, मतदारसंघाचा क्रमांक बदलला, आणि मुलाचा जावई आला. वाकुई एकदाच पडले, तेही तीन वर्षांत परत निवडून आले.

"एकोणीस वेळा बघितलं मी त्या पेटीत," बाई एकदा करवादून म्हणाल्या, "एकोणीस वेळा रिकामी! मग रात्री त्यातून वाकुईच कसा निघतो?"

"लोक टाकतात म्हणून निघतो."

"लोकांना काही कळतं का?"

"मला नका विचारू. मी सरकारी नोकर होतो."

पुढे मुलं नाहीत म्हणून शाळा बंद झाली आणि तिथलं केंद्रही गेलं. मतदारसंघाची हद्द पुन्हा बदलली. मिनेगिशी निवृत्त झालेलेच होते. आता तरी सकाळ निवांत जाईल असं त्यांना वाटलं. पण मतदानाच्या आदल्या दिवशी बाई मुळ्याच्या लोणच्याचा डबा घेऊन दारात उभ्या.

"शहराची बस पावणेनऊला पोचते. तोवर पेटी निम्मी भरलेली असेल."

"मग यंदा दुसऱ्या कुणाला तरी बघू द्या की!"

"विसावी खेप आहे माझी. पुढच्या निवडणुकीला मी असेन असं डॉक्टरसुद्धा म्हणत नाही."

मिनेगिशींनी सुस्कारा सोडला. "साडेपाचला गाडी काढतो."

"मी तीनलाच उठते. मतदानाचं कार्ड आलंय, त्यावरचा पत्ता वाचू का?"

"काय वाचायचंय त्यात? तीस वर्षं हेच केलंय मी. शहरातली व्यायामशाळा."

बाईंनी कार्डाचं न उघडलेलं पाकीट पुन्हा खिशात घातलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी मिनेगिशींचं ऐकलं असेल.

सकाळी ती दोघं पावणेसहालाच व्यायामशाळेच्या दारात होती. बाई पहिल्या, मिनेगिशी त्यांच्या मागे. सव्वासहाला धावण्याचे बूट घातलेला एक माणूस घाईघाईने आला आणि पहिला नंबर हुकलेला पाहून हिरमुसला.

"काय आजी, रात्रीच आलात का?"

"सदुसष्ट सालीच आलेय," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी थर्मासमधला चहा ओतून घेतला.

सात वाजता दार उघडलं. टेबलाशी बसलेल्या मुलीने बाईंचं कार्ड पाहिलं, यादी पाहिली, पुन्हा कार्ड पाहिलं.

"आजी, तुमचं नाव इथे नाही. ओढ्यापलीकडची घरं आता तिसऱ्या मतदारसंघात गेलीत. तुमचं केंद्र कामेदाच्या समाजमंदिरात. गाडीने पंचवीस मिनिटं लागतील."

मिनेगिशींनी कार्ड हिसकावून घेतलं. ठळक अक्षरांत कामेदाच छापलेलं होतं. त्यांचं घर ओढ्याच्या अलीकडे, बाईंचं पलीकडे. मध्ये चाळीस पावलांचा पूल.

"अहो, एकच गाव आहे ते!" ते ओरडले. "नकाशावर रेघा मारणारे कधी गावात येऊन बघतात का?" तीस वर्षं लोक त्यांच्यावर हेच ओरडत आले होते.

बाईंनी त्यांच्या हातातून कार्ड परत घेतलं. त्याच्या दोन घड्या घातल्या. मग मिनेगिशींना विचारलं, "साहेब, रांगेत आता पहिलं कोण?"

"मीच."

"मग बघा."

मिनेगिशींनी पेटीत एक नजर टाकली आणि मान हलवली.

"असं नाही!" रांगेच्या दोरीपलीकडून बाई कडाडल्या. "डोकं घाला आत!"

त्यांनी डोकं आत घातलं. आत पत्र्याचा वास होता. तीस वर्षं दुसऱ्यांना पेटी दाखवली, पण पहिला मतदार म्हणून ते आजच वाकले होते. एक कोपरा, दुसरा, तिसरा. वर कुणीतरी खाकरलं.

"आजोबा, झालं का? रांग थांबलीय."

"कोपरा राहिलाय," मिनेगिशी म्हणाले.

मत देऊन त्यांनी गाडी कामेदाकडे पिटाळली. तिथे बाईंचा नंबर त्रेचाळिसावा लागला. पाच मिनिटांत मत देऊन त्या बाहेर आल्या.

त्या हिवाळ्यात बाई गेल्या. मधल्या दिवसांत भेट झाली नाही. मिनेगिशींना पूल ओलांडायला तोंड नव्हतं. त्यामुळे मतदानाच्या दिवशी बाई घराशी उतरताना झालं तेच त्यांचं शेवटचं बोलणं.

"काय होतं आत?" बाईंनी विचारलं.

"काही नाही."

"चारही कोपऱ्यांत?"

"चारही. तोकुएबाई, ते कार्ड मी..."

"लोणच्याचा डबा परत आणा. मागचाही तुमच्याकडेच आहे."

"आणतो."

"धुऊन आणा."